नाममुद्रा

गेली चौतीस वर्षे मी ज्या गावात राहते आहे, त्या गावाला खऱ्या अर्थाने नाव नाही. 'नोएडा' ही एका सरकारी प्राधिकरणाच्या इंग्रजी नावातील आद्याक्षरांची मोळी आहे. १७ एप्रिल १९७६ रोजी, आणीबाणीच्या दिवसांत, यमुनेच्या पूर्वेला एक औद्योगिक नगरी वसविण्यासाठी प्राधिकरण स्थापन झाले. नदीपलीकडच्या ओखल्यावरून त्याला 'नवे ओखला' असे म्हटले गेले, आणि फायलींवर सोयीसाठी केलेला संक्षेप पुढे लाखो माणसांचे गाव होऊन बसला. आपल्याकडे गावाच्या नावात एखादे झाड असते, एखादे दैवत असते, निदान एखादा विसरलेला पाटील तरी असतो. पिंपळगावात पिंपळ नसला तरी कधीकाळी तो होता एवढे नाव सांगते. इथे गल्लीलाही नाव नाही, आकडा आहे. नव्याने ओळख झालेला माणूस 'तुम्ही मूळच्या कुठल्या?' असे विचारीत नाही. 'कौन सा सेक्टर?' असे विचारतो. आरंभी या आकडेशाहीचा मला राग येई. आता वय झाल्यावर वाटते, नाव नसलेल्या गावात राहून नावांचा विचार करण्याची सवय मला लागली, हाही एक लाभच म्हणायचा.

येथे बिऱ्हाड थाटल्यावर पहिला प्रसंग उभा राहिला तो दारावरच्या पाटीचा. आमच्या आडनावात 'ळ' आहे. पाटी रंगविणारा कारागीर बुलंदशहरकडचा, हात अतिशय वळणदार. पण 'ळ' हे अक्षर त्याने जन्मात पाहिले नव्हते. त्याने सरळ 'ल' काढला. मी खडू घेऊन ओसरीच्या फरशीवर मोठा 'ळ' काढून दाखविला. तो बराच वेळ त्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "मॅडम, हे अक्षर आहे की फूल?" त्याने काढलेला 'ळ' एका बाजूला जरा कलला आहे. तो तसाच आजही दारावर आहे. दिल्लीत मराठी शिकविताना वर्गात बोटांवर मोजण्याइतकी मुले असत. त्यांना 'काळ' आणि 'काल', 'गोळी' आणि 'गोली' यांतला भेद सांगताना मला त्या कलत्या 'ळ'ची आठवण होत असे.

पुढे संगणक आला. त्याच्या आगमनाची मला धास्ती होती. माझा 'ळ' हे यंत्र ओळखेल का, हाच पहिला प्रश्न मनात आला. यंत्राने तो ओळखला. जगातल्या सर्व लिप्यांतील अक्षरांना क्रमांक देणारी 'युनिकोड' नावाची जी व्यवस्था आहे, तीत 'ळ'ला पहिल्यापासून स्वतःचे स्थान आहे. आपल्या 'ॲ'ला मात्र २००८ सालापर्यंत तिष्ठावे लागले. तोवर 'ॲटम' आणि 'ॲसिड' लिहिताना मराठी माणूस कधी 'अ‍'ला टोपी चढवी, कधी 'ए'ला. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २००९ मध्ये वर्णमालेविषयीचा निर्णय काढून पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' हीच मराठीची वळणे म्हणून पुन्हा सांगितली. उत्तरेकडच्या दंडाच्या 'ल'मध्ये वावरणाऱ्या माझ्यासारखीला त्या निर्णयाने एखाद्या माहेरच्या पत्रासारखा आनंद झाला, हे सांगायला संकोच वाटत नाही.

या संगणकावर मी जे पहिले मराठी वाक्य लिहिले, ते 'मंगल' नावाच्या अक्षरवळणात उमटले. अनेक वर्षे मी हे वळण वापरीत होते आणि ते कोणी घडविले असेल असा प्रश्न मला, साहित्याची डॉक्टरेट मिरविणाऱ्या बाईला, एकदाही पडला नाही. यंत्रात जसा पंखा असतो तशी अक्षरे असतात, अशीच काहीतरी माझी समजूत असावी. ते वळण रघुनाथ कृष्ण जोशी यांचे, हे मला फार उशिरा कळले. र. कृ. जोशी म्हणजे मराठीतले एक कवी आणि सुलेखनकार. जाहिरातक्षेत्रात काम केलेले, मुंबईच्या आयआयटीत शिकविलेले, अक्षराला चित्र आणि चित्राला अक्षर मानणारे. २००८ साली ते गेले. त्यांच्या कविता वाचणारे थोडे. परंतु विंडोज २००० या प्रणालीपासून पुढे देशभरच्या कचेऱ्यांतून जे लाखो अर्ज, नोटिसा, दाखले आणि बदल्यांचे हुकूम निघाले, त्यांतले किती तरी या कवीच्या हाताच्या वळणात निघाले. एखाद्या कवीचा हात इतक्या दूरवर पोहोचावा आणि कोणालाही त्याचा पत्ता नसावा, याचे मला त्या दिवशी मोठे आश्चर्य वाटले. आश्चर्याखाली थोडी शरमही होती. जन्मभर मी विद्यार्थ्यांना विचारीत आले होते, 'हे कोणी लिहिले?' आणि ज्या अक्षरांत मी तो प्रश्न लिहीत होते ती कोणाची, हे मीच विचारले नव्हते.

निवृत्तीनंतर संगणकाची जागा हातातल्या फोनने घेतली. सकाळी चहाबरोबर तो उघडला की एक जत्राच भरते. युनेस्कोने आपल्या राष्ट्रगीताला जगातले सर्वोत्तम ठरविल्याची शुभवार्ता मला आजवर किती जणांनी पाठविली असेल याची गणती नाही. युनेस्कोने असे काही कधीच केलेले नाही. दिवाळीच्या रात्री अंतराळातून दिसणारा भारत म्हणून एक रंगीबेरंगी चित्र दर वर्षी येते. ते प्रत्यक्षात अनेक वर्षांच्या उपग्रहनोंदी एकावर एक ठेवून, दिव्यांची वाढ दाखविण्यासाठी वेगवेगळ्या रंगांत केलेले आहे, दिवाळीशी त्याचा संबंध नाही. पु. ल. देशपांडे यांच्या नावावर तर इतके विनोद फिरत असतात की त्यांतले निम्मे जरी त्यांनी लिहिले असते तरी त्यांना दुसरे काही लिहायला सवड मिळाली नसती. मला या जत्रेची गंमत वाटते. ज्याला ती वाटत नाही त्याने फोन घेऊ नये. परंतु गंमत वाटणे आणि गप्प बसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गप्प बसणे माझ्या स्वभावात नाही.

या स्वभावामुळे जे घडले ते सांगणे अवघड आहे, तरी सांगते.

आम्ही नोएडात आलो त्याच वर्षी नागपूरकडचे एक कुटुंब शेजारच्या सेक्टरमध्ये राहायला आले. ते गृहस्थ यजमानांचे सहकारी. मी त्यांना भाऊजी म्हणते, ते मला वहिनी. त्यांची पत्नी माझी मैत्रीण झाली. परक्या मुलखात दोन मराठी बायका भेटल्या की काय होते हे निराळे सांगायला नको. तिने माझ्याकडून पुस्तके नेली आणि मला सांडगे करायला शिकविले. तिच्यापाशी एक निळ्या पुठ्ठ्याची वही होती. आवडलेली कविता दिसली की ती त्या वहीत उतरवून घेई. कविता कुठे भेटली हे तिच्या लेखी गौण होते. दिवाळी अंक, देवळातला फलक, पुढे पुढे फोन, कुठूनही ती टिपून घेई. हस्ताक्षर मात्र मोत्यांसारखे. दोन वर्षांपूर्वी, थोड्याशा आजाराने, ती गेली.

तेराव्या दिवशी आम्ही दहा-पंधरा माणसे त्यांच्या घरी जमलो होतो. भाऊजींनी वही उघडली आणि तिची सर्वांत आवडती म्हणून एक कविता वाचून दाखविली. आयुष्याच्या संध्याकाळी सोबत्याला धीर देणारी अशी ती कविता होती. "कुसुमाग्रजांची," ते म्हणाले. वहीत तिने खाली तसेच लिहिले होते. त्यांचा आवाज दोनदा अडखळला. मी ऐकत होते, डोळेही पुसत होते, आणि त्याच वेळी माझ्या आतली परीक्षक कुजबुजत होती, ही कविता कुसुमाग्रजांची नाही. यमके ओढून आणलेली, दर चौथ्या ओळीला उपदेश. मी काही बोलले नाही. एवढे भान मला होते.

पण ते भान फार टिकले नाही. तीन दिवसांनी भाऊजींनी ती कविता आमच्या मराठी मंडळींच्या समूहात फोनवर पाठविली. पन्नासेक जणांनी हात जोडले, तिघांनी 'कुसुमाग्रजांना शतशः प्रणाम' असे लिहिले. तेव्हा मला राहवले नाही. मी कपाटातून 'विशाखा' काढली, 'किनारा', 'मराठी माती', 'स्वगत', 'हिमरेषा', 'वादळवेल', 'मुक्तायन' असे हाताशी होते ते सारे संग्रह काढले, दोन दुपारी खर्ची घातल्या, आणि मग त्या समूहावर लिहिले की ही रचना कुसुमाग्रजांच्या कोणत्याही संग्रहात मला आढळली नाही, तिची शैलीही त्यांची नव्हे, तरी पडताळा न पाहता थोरांचे नाव घालण्याची प्रवृत्ती आपण टाळावी. वाक्य व्याकरणशुद्ध होते. त्यावर कोणी काही लिहिले नाही. भाऊजींनीही नाही. दर रविवारी संध्याकाळी ते आमच्याकडे चहाला येत. त्या रविवारी आले नाहीत, पुढच्याही नाहीत. असे पाच महिने गेले. यजमान एकदाच म्हणाले, "तू बरोबर होतीस. पण तुला विचारले कोणी होते?"

त्या पाच महिन्यांत मी स्वतःचा बचाव मनातल्या मनात अनेक वेळा केला. माझ्या बाजूने मोठे मोठे साक्षीदार उभे होते. शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ च्या सुमारास, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. तीनशे वर्षांत लोकांनी प्रेमाने, भक्तीने, हौसेने त्या ग्रंथात आपल्या ओव्या घातल्या होत्या. त्या नाथांनी वेगळ्या काढल्या आणि शेवटी बजावून ठेवले की पुढे जो कोणी यात आपली ओवी मिसळील, तो अमृताच्या ताटात नरोटी ठेवील. मराठीतला पाठचिकित्सेचा हा थोर क्षण. त्यांच्या डोळ्यांसमोर कोणी ठग नव्हते हे ध्यानात घेतले पाहिजे. भर घालणारे सारे भक्तच होते. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम आरंभिले, ते १९६६ साली पुरे झाले. बाराशेंहून अधिक हस्तलिखिते ताडून पाहिली गेली. विष्णु सीताराम सुकथनकर यांच्यासारखा विद्वान त्या कामात झिजला आणि ते अर्ध्यावर असताना, १९४३ साली, गेला. एवढा खटाटोप कशासाठी? व्यासांच्या नावावर व्यासांचे नसलेले शक्य तेवढे राहू नये, यासाठीच ना? मग एका कवितेखालचे नाव मी दुरुस्त केले तर माझे काय चुकले?

परंतु साक्षीदारांची उलटतपासणी आपणच केली की ते थोडे डगमगू लागतात. आपल्या संतवाङ्मयात अभंगाच्या अखेरीस कवीची नाममुद्रा येते. 'नामा म्हणे' हे शब्द दिसले की आपण निःशंकपणे नामदेवांचे स्मरण करतो. परंतु नामदेवांच्या गाथ्यात विष्णुदास नामा नावाच्या, त्यांच्यानंतर कित्येक पिढ्यांनी झालेल्या कवीची रचनाही मिसळली आहे, आणि आणखी कोणकोण 'नामे' त्यात आहेत याचा वाद अभ्यासकांत जुना आहे. ज्ञानेश्वरी रचणारे ज्ञानदेव आणि अभंग रचणारे ज्ञानदेव हे एकच की दोन, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'सुधारक' पत्रातून ज्यांनी धसाला लावला, त्या शिवराम एकनाथ भारदे यांनी तो लेखनप्रपंच 'भारद्वाज' या टोपणनावाने केला होता! दुसऱ्याच्या नावाची झडती घेणारा स्वतः मात्र नाव झाकून बसला होता. आणि कुसुमाग्रज हे तरी काय आहे? विष्णु वामन शिरवाडकर यांनी आपल्या धाकट्या बहिणीच्या, कुसुमच्या, नावावरून घेतलेले नाव. कुसुमचा थोरला भाऊ, एवढाच त्याचा अर्थ. ज्या नावाच्या रक्षणासाठी मी दोन दुपारी घालविल्या, ते नाव मुळात एका नात्यातून आले होते.

याच दिवसांत आमच्या गावात एक घटना घडली. डिसेंबर २०२५ मध्ये शिल्पकार राम सुतार यांचे नोएडातल्या राहत्या घरी निधन झाले. वयाची शंभरी त्यांनी ओलांडली होती. धुळे जिल्ह्यातल्या गोंदूर गावी १९ फेब्रुवारी १९२५ रोजी जन्मलेला हा माणूस मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकला, १९५९ साली दिल्लीत आला आणि पुढे आमच्याच या बिननावाच्या गावात स्थायिक झाला. मी त्यांना कधी भेटले नाही. 'एकदा जाऊ या' असे आम्ही यजमान-बायकोंनी अनेक वेळा ठरविले आणि दिल्लीकरांच्या रीतीप्रमाणे ते राहून गेले. संसदेच्या आवारातले बसलेले ध्यानस्थ गांधीजी त्यांचे. चंबळेवरच्या गांधीसागर धरणाजवळची, दोन मुलांना जवळ घेतलेली पंचेचाळीस फुटांची चंबळदेवी त्यांची. आणि ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी नर्मदाकाठी ज्याचे अनावरण झाले तो सरदार पटेलांचा १८२ मीटर उंचीचा पुतळाही त्यांचाच.

'त्यांचाच' हा शब्द मी लिहिला खरा, पण तो तपासून पाहण्यासारखा आहे. १८२ मीटरचा पुतळा कोणी एक माणूस घडवू शकत नाही. सुतारांनी लहान नमुने केले, तीस फुटांचा ब्राँझचा पुतळा केला. त्या आकृतीची यंत्राने त्रिमिती नोंद घेतली गेली आणि ती संगणकावर वाढविली गेली. आत अभियंत्यांनी काँक्रीटचे आणि पोलादाचे अंग उभे केले; बाहेरचे ब्राँझचे हजारो तुकडे चीनमधल्या ओतशाळेत ओतले गेले; नर्मदेच्या काठी मजुरांनी ते चढविले. इतक्या हातांतून आणि यंत्रांतून गेलेल्या त्या चेहऱ्यावर सुतारांच्या बोटांचा ठसा कुठे उरला असेल? तरीही तो उरला आहे असे मला वाटते. डोळ्याची खाच किती खोल असावी, शालीची चुणी कुठे मोडावी, खालून मान वर करून पाहणाऱ्याला तो चेहरा कसा दिसेल, हे कोणीतरी मातीत बोट घालून आधी ठरविले होते. यंत्राने ते मोठे केले, ठरविले नाही. 'मंगल'च्या अक्षरांचेही तेच. कळ मी दाबते, वाक्य माझे असते. पण 'ळ'च्या दोन्ही गाठी कशा बसाव्यात हे फार पूर्वी एका कवीच्या हाताने ठरवून ठेवलेले असते.

सुतारांविषयी वाचताना एका तपशिलाशी मी थांबले. १९५० च्या दशकात, तरुण असताना, पुरातत्त्व खात्यासाठी त्यांनी अजिंठा आणि वेरूळ येथल्या भग्न शिल्पांच्या डागडुजीचे काम केले होते. अजिंठ्याच्या लेण्यांत नावे आहेत. सोळाव्या लेण्यात वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा लेख आहे, सव्विसाव्यात बुद्धभद्र नावाच्या भिक्षूचा. ती दात्यांची नावे. ज्यांनी छिन्नी धरली त्यांचे नाव कुठेही नाही. वेरूळच्या कैलासाविषयी राष्ट्रकूटांच्या वडोदरा येथील ताम्रपटात, नवव्या शतकाच्या आरंभी, एक विलक्षण गोष्ट नोंदविलेली आहे. ते मंदिर पुरे झाल्यावर ज्याने ते घडविले त्या शिल्प्यालाच विस्मय पडला, आपल्या हातून हे कसे घडले, पुन्हा करू म्हटले तर जमणार नाही, असे त्याला वाटले, अशा अर्थाचा तो मजकूर आहे. शिल्प्याचा विस्मय बाराशे वर्षे टिकला. त्याचे नाव लिहून ठेवावे असे ताम्रपटाच्या कवीला वाटले नाही. अशा बिननावाच्या कारागिरांच्या तुटलेल्या मूर्तींना ज्याने हात लावला, तोही तिथे अनामच राहिला. डागडुजी करणारा आपली सही करीत नसतो. त्याने जोडलेला दगड आणि मूळचा दगड यांत डोळ्याला फरक दिसू नये, हेच त्याचे यश.

अनाम राहणे आणि दुसऱ्याच्या नावावर वावरणे या दोन अवस्थांत भेद आहे, हे मला तेव्हा नीट उमगले. कैलासाचा शिल्पी अनाम आहे. पण ते काम आपण दुसऱ्या कोणाच्या हाताला चिकटविले नाही. कुसुमाग्रजांच्या नावावरच्या त्या कवितेचे दुहेरी नुकसान झाले होते. कुसुमाग्रजांच्या तोंडी त्यांचे नसलेले शब्द आले, आणि १९९९ साली गेलेला कवी 'हे माझे नव्हे' असे सांगायला येऊ शकत नाही. दुसरे नुकसान मी लक्षातच घेतले नव्हते. ती कविता कोणीतरी लिहिली होती. कच्ची, उपदेशाळ, ओढाताणीच्या यमकांची. पण कोणीतरी, कुठल्यातरी संध्याकाळी, कोणासाठीतरी लिहिली होती. 'ही त्यांची नव्हे' एवढे सांगून मी थांबले होते. 'मग ही कोणाची?' हा माझा जन्माचा प्रश्न मी विचारलाच नव्हता. मी अमृताच्या ताटातली नरोटी उचलून बाहेर भिरकावली, आणि ज्याच्या अंगणात ती जाऊन पडली त्याच्याकडे वळूनही पाहिले नाही.

मग मी शोध सुरू केला. नातवाच्या सांगण्यावरून हल्लीच्या एका बोलक्या यंत्राला विचारून पाहिले. त्याने क्षणाचाही विलंब न लावता एका कवीचे नाव, संग्रहाचे नाव आणि वर्षही सांगितले. माझ्या अंगावर काटा आला. संग्रह माझ्या कपाटात होता. पानन् पान उलटले. कविता त्यात नव्हती. पुन्हा विचारले तर यंत्राने अतिशय नम्रपणे क्षमा मागितली आणि दुसऱ्या एका कवीचे नाव तितक्याच आत्मविश्वासाने सांगितले. गंमत म्हणून मी माझेच नाव घालून पाहिले, तर मी कधीही न लिहिलेला एक समीक्षाग्रंथ त्याने माझ्या पदरात टाकला. विषय बरा होता, लिहायला हरकत नव्हती. नातू हसत होता. मला मात्र 'नामा म्हणे' आठवत होते. फरक एवढाच की जुने नामे आपले अभंग नामदेवांच्या चरणी वाहत होते. या यंत्राला कोणाचे चरणही नाहीत आणि स्वतःचे काही वाहायचेही नाही. त्याला 'ठाऊक नाही' हे दोन शब्द जड जातात. आमच्या पेशातही असे काही लोक मी पाहिले आहेत, तेव्हा यंत्रालाच एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही.

कवी सापडला नाही. हे सांगायला मी स्वतः भाऊजींकडे गेले. फोनवर जे मोडले ते फोनवर जोडता येणार नाही एवढे मला कळले होते. त्यांनी दार उघडले, "या वहिनी," म्हणाले, आणि चहा ठेवायला आत गेले. चहा फार गोड झाला होता. मी म्हटले, "भाऊजी, माझे म्हणणे खोटे नव्हते, पण मी ते जिथे आणि जसे बोलले, ते चुकले." ते म्हणाले, "कविता कोणाची हे मला काय कळते? तिने लिहिले होते, म्हणून मी वाचले. तुम्ही लिहिलेत तेव्हा वाटले, तिलाच खोटे ठरविले." यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्यांनी कपाटातून निळी वही आणून माझ्यापुढे ठेवली.

मी ती पहिल्यांदाच नीट पाहत होते. तिच्या अक्षरांना एक चाल होती. 'ळ' गोल, दोन्ही गाठी सारख्या; नागपूरच्या शाळेत कोणत्या बाईंनी गिरवून घेतला असेल कोण जाणे. तेव्हा मला आपल्या जुन्या पोथ्यांची आठवण झाली. पोथी संपली की शेवटी पुष्पिका असते. तीत ग्रंथकर्त्याचे नाव असो वा नसो, पोथी उतरवून घेणारा आपले नाव, गाव आणि तिथी नोंदवितो. जसे पाहिले तसे लिहिले, चुकले असेल तर दोष देऊ नये, अशी विनवणी करतो. ही माणसे नसती तर ज्ञानेश्वरी एकनाथांपर्यंत आणि महाभारत सुकथनकरांपर्यंत आलेच नसते. त्यांनी चुका केल्या, भर घातली, आणि त्यांनीच सारे जपले. जन्मभर मी लिपिकारांच्या चुका विद्यार्थ्यांना दाखवीत आले. त्यांच्या हाताला नमस्कार करायला शिकविल्याचे मला आठवत नाही.

मी भाऊजींना पुष्पिकेची ही रीत सांगितली. ते अभियंता, त्यांना रीत पटली की ते लगेच पेन शोधतात. कुसुमाग्रजांचे नाव खोडायचे का, असे त्यांनी विचारले. मी म्हटले, खोडू नका, तिच्या हातचे आहे. पाठ जसा आहे तसाच ठेवायचा आणि टीप खाली द्यायची असते. त्यांनी चष्मा लावला आणि तिच्या ओळीखाली, जरा थरथरत्या हाताने लिहिले: 'कवी अज्ञात.' मग थोडे थांबून त्याखाली तिचे पूर्ण नाव लिहिले, त्याच्या पुढे 'हिने उतरवून घेतली', आणि शेवटी 'मुक्काम नोएडा' असे घातले. तिथी मात्र त्यांना ठरवेना. ती कविता तिने कोणत्या वर्षी लिहून घेतली होती हे त्यांना आठवत नव्हते आणि मलाही. ती जागा आम्ही मोकळी सोडली.

पुढच्या रविवारी ते चहाला आले. दारात क्षणभर थांबून पाटीकडे पाहत म्हणाले, "वहिनी, तुमचा हा 'ळ' वाकडा आहे. सरळ करून घ्यायला हवा." मी म्हटले, राहू द्या. तो काढणाऱ्याचे नाव मी तेव्हा विचारले नव्हते.